आग लागली नसती तर?

१८७१ चा अमेरिकन बेसबॉलचा मोसम, त्या ऑक्टोबरात शिकागो शहर जाळणारी मोठी आग वगळून, खेळवायची तुमच्या कथेतली कल्पना आवडली, पण थेट शिकागोच्या संघाला विजेतेपद देऊन टाकणं जरा घाईचं वाटतं. आगीत त्यांचं मैदान गेलं, कपडे गेले. ३० ऑक्टोबरला ब्रुकलिनमध्ये फिलाडेल्फियाच्या अॅथलेटिक्सविरुद्ध उतरले ते उसन्या गणवेशात, एकाचा सदरा दुसऱ्याची पँट असा प्रकार. तरी हरले ४-१ नेच! घरच्या मैदानावर हाच सामना फिरू शकला असता, हे मान्य.

पण मग बॉस्टनचं काय? त्यांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइट पाय मोडून जवळजवळ निम्मा मोसम बाहेर होता. (हातमोज्यांशिवाय चेंडू अडवायचे दिवस, बोटं शाबूत राहिली हेच नशीब.) पुढची चारही वर्षं, १८७२ ते ७५, बॉस्टननेच जिंकली. आग पुसताय तर राइटचा पायही धड ठेवा की!

मला खरी गंमत १८७२ मध्ये दिसते. प्रत्यक्षात आगीमुळे शिकागो दोन मोसम संघाविना राहिलं, १८७४ ला परतलं. तुमच्या कथेत ते राहतातच, म्हणजे बॉस्टनची मक्तेदारी तिथेच अडेल. तेवढा मोसम लिहाच.