शंभर दीनार ही क्षुल्लक रक्कम नव्हती

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताने सांगितलेला निर्दयी चाकराचा दाखला (बोधकथा) आहे: राजा चाकराचं प्रचंड देणं माफ करतो, पण तोच चाकर शंभर दीनारांच्या देण्यासाठी आपल्या सोबत्याला तुरुंगात टाकतो. त्यावर कोणीतरी लिहिलंय की सोबत्याचं देणं अगदीच किरकोळ होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या मते आपल्याला झालेली दुखापतही किरकोळच. पहिला भाग चूक आहे. मत्तयाच्याच २० व्या अध्यायात एक दीनार ही मजुराची दिवसभराची मजुरी सांगितली आहे. म्हणजे १०० दीनार झाली तीन महिन्यांहून जास्त कमाई. एवढे पैसे बुडाले तर कोणाचाही जीव कळवळेल. उलट चाकराचं स्वतःचं राजाला असलेलं देणं १०,००० तालांत (त्या काळचं पैशाचं मोठं माप). एक तालांत साधारण ६,००० दीनारांचा धरला तर हिशोब ६ कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो. आणि तो म्हणतो, ‘थोडी मुदत द्या, सगळं फेडतो’! (इथे मला दर वेळी हसू येतं.) दुखापत लहान आहे असं दाखला कुठेच म्हणत नाही, तो फक्त दोन आकडे शेजारी मांडतो.

‘क्षमा म्हणजे काही घडलंच नाही असं वागणं’ हेही पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानात (१७:३) आधी दोष दाखवायला सांगितलंय, मग पश्चात्ताप केल्यास क्षमा. मला स्वतःला एका जवळच्या नातेवाइकाशी बोलताना ‘तू चुकलास’ हे वाक्य उच्चारायलाच दोन वर्षं लागली. तोवर मी ‘जाऊ दे’ म्हणत होतो, आणि मनातल्या मनात रोज व्याज मोजत होतो.