प्रतिसाद: बारावीनंतर वाचा-उपचाराची पदवी घ्यावी का?

बारावीनंतर मुलीला बीएएसएलपीला, म्हणजे श्रवण आणि वाचा-उपचाराच्या पदवीला, पाठवावं का असं तुम्ही विचारलंत. 'बीएएसएलपी म्हणजे तोतरं बोलणाऱ्या मुलांची शिकवणी, त्यासाठी रत्नागिरी सोडून मुंबईत चार वर्षं कशाला घालवायची?' हा वरच्या एका प्रतिसादातला मुद्दा मला अजिबात पटत नाही. त्या चारातलं शेवटचं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं असतं. निम्मा अभ्यास तर श्रवणाचा: ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणं), श्रवणयंत्रं, नवजात बाळांच्या कानाची तपासणी. पण इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे गिळण्याचे विकार. तेही याच पदवीत शिकवतात.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. घरी आल्यावर आईने साहजिकच पेज सुरू केली, आपल्याकडे आजाऱ्याला दुसरं काय देणार! पण पेजेत पातळ निवळ आणि शितं एकत्र असतात. तोंड शितं सांभाळत असतं तोवर पाणी पुढे निसटतं, आणि गिळणं मंदावलेल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कधी साधा ठसकाही लागत नाही, थेट न्यूमोनियाच होतो. हे आम्हाला सांगितलं ते स्पीच थेरपिस्टने, तेही कोल्हापूरला नेल्यावर. तिने वडिलांचं गिळणं तपासलं आणि पेज एकजीव घोटून, दाट करून, सरळ बसवून छोट्या चमच्याने द्यायला लावली. तालुक्याच्या गावी हे सांगणारं कुणी असतं तर किती बरं झालं असतं! म्हणून तुमच्या मुलीला जरूर जाऊ द्या. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आधी बघा. दुसरीकडे प्रवेश घेणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता तपासूनच फी भरा, कारण पुढे नोंदणी तिथेच करावी लागते.