उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेले जुने गाव वडिलांना दाखवायचे असेल तर

वडिलांचे बालपण जुन्या पळसदेवात गेले आणि दिवाळीत गाडीने सगळे जायचे ठरले आहे, असे तुम्ही लिहिलेत. दिवाळीत नका जाऊ. पावसाळ्यानंतर उजनी भरलेली असते, दिसेल ते फक्त पाणी. धरणात उपयुक्त साठ्याखाली सुमारे 63 टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेले तळाचे पाणी, असते, त्यामुळे बातमीत 'शून्य टक्के' आले तरी पाणी भरपूर असते. हा साठाही वापरला जाऊन टक्केवारी बरीच उणे गेली की पळसनाथाचे मंदिर आणि आजूबाजूच्या घरांची जोती उघडी पडतात, म्हणून निघण्यापूर्वी रोजचा साठा बघा.

मे महिन्यात पाणी खूप कमी असते, पण शाळांना सुट्टी असते. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात (विद्यार्थ्यांच्या दाखल नोंदवहीत) वडिलांचे नाव बघायचे असेल तर एप्रिलअखेरचा शाळेचा दिवस धरा आणि मुख्याध्यापकांना आधी फोन करा. तेव्हा शाळा सकाळची असते, म्हणून उजाडताच आधी काठावर, मग सुटण्यापूर्वी शाळेत.

गाडी पक्क्या रस्त्यावरच ठेवा. गाळाला वरून भेगा पडलेल्या दिसतात, खाली तो ओलाच असतो. चाक रुतले की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. उजाडताच पोहोचा. सावली कुठेच नाही, आणि होडीने जायचे झाल्यास दुपारच्या वाऱ्याने लाटा उठतात. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका.

वडिलांना काठी आणि बूट हवेतच. मंदिराच्या शिखरावरून दिशा धरून घर कुठे होते ते त्यांनाच सांगू द्या, घाई करू नका. मोबाइलवर रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवा.