चार तास झोपून दिवसभर फ्रेश? कोणाला सांगता भो!

रातपाळीवाला (भुसावळ): परवा इथे एका भाऊने लिहिलं, चार तास झोप बस झाली, पहाटे थंड पाण्याने आंघोळ अन दोन कप कडक कॉफी, की दिवसभर एनर्जी. डोकंच फिरलं माझं. ११ वर्षं रातपाळी करतोय मी. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साठत जातं, कॅफिन फक्त त्याची जागा अडवून बसतं, ते उतरलं की साचलेली झोप एकदम अंगावर येते. अन पाच-एक तासांनंतरही निम्मं कॅफिन अंगात असतंच. ऑस्ट्रेलियात १९९७ साली मोजलंय, १७ तास जागलेल्या माणसाचा हात १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चुकतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादाच ३० आहे! मागच्या पावसाळ्यात ड्युटीवरून येताना सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डुलकी लागली, पाय टेकलेला होता म्हणून पडलो नाही.

चोपडेकर: ते मीच लिहिलंय. स्पर्धा परीक्षेच्या वेळी दोन वर्षं साडेचार तास झोपलो अन पहिल्याच झटक्यात प्रीलिम निघाली. आमचे आजोबा पण पहाटे चारलाच उठायचे.

रातपाळीवाला: अन झोपायचे किती वाजता? आठला. वर दुपारी ओट्यावर तासभर आडवे. ते पण लिहा ना.

केळीवाला (रावेर): तुमची हौस चालू द्या. आमच्याकडे थ्री फेज, म्हणजे मोटरची लाइट, रात्री येते तर झोपायचं कधी? मे महिन्यात पारा ४५ वर, बागेचं पाणी चुकलं की पानं करपतात. बॅटरी घेऊन वावरात जा, साप बघा, बिबट्याची भीती वेगळी. माझे वडील झोपेच्या तारेत पाटात पडले, मनगट मोडलं. दिवसा लाइट द्या, मग झोपेवर भाषणं द्या.

चोपडेकर: मोबाईल स्टार्टर बसवा ना, घरबसल्या मोटर चालू होते.

केळीवाला: अन ठिबकचे व्हॉल्व्ह कोण बदलणार, तुमचा मोबाईल? कधी वावरात पाय ठेवलाय का तुम्ही?

चोपडेकर: माझ्या घरी पण कापूस आहे, आवाज चढवू नका.

यावलची सून: अप्पा, तुम्ही बाराला मोटरवर जाता तेव्हा चहाला कोण उठतं? तुम्ही सकाळी पडता तेव्हा मजुरांच्या भाकरी कोण थापतं? लग्नाला १४ वर्षं झाली, सलग सहा तास झोपलेली रात्र मला माहेरचीच आठवते. बाईची झोप या भांडणात कोणीच मोजली नाही.

केळीवाला: ताई, खरं आहे. आमच्या घरात पण हेच चालतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चोपडेकर: बरं, कॉफीचं मागे घेतो. खरं सांगायचं तर मेन्सच्या वेळी वाचलेलं काही आठवेना, तेव्हा सात तासांवर आलो होतो. पण ज्याला झोपच मिळत नाही त्याने करायचं काय, ते सांगा की.

रातपाळीवाला: पाळीच्या आधी दीड तास झोप काढायचीच, मग घरात पाहुणे असोत की लग्न. मधे २० मिनिटं डुलकी, त्यापुढे गेलं तर उठल्यावर अंग जड पडतं. चहा रात्री दोनच्या आत. वरण-बट्टी खाऊन कामावर जायचं नाही. पहाटे तीन ते पाच डोळे दगा देतात, तेव्हा अवघड कामाला एकट्याने हात घालायचा नाही. एवढं केलं तर रात्र निभते. पण झोपेची उधारी झोपूनच फिटते.

केळीवाला: आज बाराला फेज येणार. चहा आज माझा मीच टाकतो अन तोवर २० मिनिटं पडून बघतो.