मीच लिहिलेला लेख पुलंच्या नावाने मलाच फॉरवर्ड होऊन आलाय, काय करू?

माजघर
2009 ला ब्लॉगवर आजीच्या पाट्या-वरवंट्यावर एक छोटा लेख लिहिला होता. वाचणारे तेव्हा पंधरावीस, त्यातले निम्मे घरचेच. परवा सकाळी फॅमिली ग्रुपवर सुप्रभातच्या गुलाबांमागोमाग तोच लेख आला, खाली "- पु. ल. देशपांडे" आणि हात जोडलेले दोन इमोजी. बरं, लेख जसाच्या तसाही नाही, मधे एक परिच्छेद कोणीतरी घातलाय आणि शेवटी "आज व्हॉट्सॲपवर रेसिप्या मिळतात पण आजीची माया मिळत नाही" टाइपचं लांबलचक शेपूट. पुलं गेले 2000 साली, व्हॉट्सॲप आलं 2009 ला, एवढं तरी कोणाच्या डोक्यात यावं ना! मी लिहिलं की हा माझा लेख आहे, तर मावशी म्हणते "अगं पुलंचं वाचून तुला तसं वाटत असेल". आता हसू का रडू? कोणाच्या बाबतीत झालंय का असं, आणि मूळ कुठे बदललं ते शोधता येतं का?

खिळेजुळारी
झालंय, दोनदा. एकदा माझी कविता नाना पाटेकरांच्या नावावर फिरत होती, बायको अजून चिडवते.

शोधायचं तर लेखातलं एखादं खास तुझं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गुगल कर, ब्लॉग, जुनी फोरमं, फेसबुकच्या पब्लिक पोस्टी सापडतात. व्हॉट्सॲपच्या आत मात्र गुगलला शिरता येत नाही आणि खरी वाट तिथेच हरवते.

गंमत बघ, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधी हे एवढं सोपं नव्हतं. तेव्हा आम्ही शिवाजी नाहीतर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, आतमध्ये सगळी इंग्रजी अक्षरंच असायची, वरून मराठी फॉन्टचा मुखवटा. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याने मजकूर उचलला की नुसता कचरा दिसायचा, म्हणजे चोरीला आपोआप कुलूप. पण मग शोधताही यायचं नाही, कारण सर्च इंजिनलाही तो कचराच दिसायचा. युनिकोड आलं, मराठी शोधता यायला लागली आणि त्याच दिवशी ढापताही यायला लागली.

नरोटी
हे आपल्याकडे नवीन नाहीये हो. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशासाठी? तीनशे वर्षांत नकलून घेणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते म्हणूनच ना. शेवटी ओवीत बजावून पण ठेवलंय की यात आपली ओवी घालणारा म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवणारा. थोडक्यात 'कृपया मजकुरात बदल करू नये' :) आणि तुकोबांच्या नावावर किती जणांनी "तुका म्हणे" जोडून आपले अभंग चालवले त्यावर अभ्यासक अजून भांडतायत. मोठं नाव लावलं की लोक ऐकतात, तेव्हाही आणि आत्ताही. फक्त तेव्हा अख्खी पोथी हाताने उतरवायची म्हणजे बोटं दुखायची, त्यामुळे प्रकार जरा हळू चालायचा.

तारीख_पे_तारीख
कायद्याचं सांगतो, वकिली सल्ला समजू नका. लिहिलंत त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी लागत नाही, तुमच्या पश्चात 60 वर्षं राहतो. 1957 च्या कायद्यात कलम 57 आहे, त्यानुसार लेखक म्हणून नाव मागण्याचा हक्क वेगळा आणि बदनामी होईल अशी मोडतोड थांबवायचा हक्क वेगळा. पण दावा लावणार कोणावर, मावशीवर? व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाहीत, पहिला कोण ते बाहेरून दिसत नाही. 2021 च्या आयटी नियमांत 'पहिला पाठवणारा' शोधून देण्याची अट आली तेव्हा व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. ते 'फॉरवर्डेड' लेबल आणि भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा 2018 मध्ये आली, धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं त्याच महिन्यात. पण मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला की लेबलही नाही आणि मर्यादाही नाही.

बेस_बूस्ट
काका-काकू थोडं थांबा, रिमिक्स म्हणजे चोरीच असं नका धरू. मी गणपतीत डीजे मिक्स करतो, यूट्यूबवर टाकलं की त्यांची गाणी ओळखणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, दोन मिनिटांत मूळ गाणं ओळखतो, मग मालक व्हिडिओ ब्लॉक करतो किंवा जाहिरातीचे पैसे घेतो, मला घंटा काही मिळत नाही पण मूळ कोणाचं ते तरी कळतं. आपल्या औरंगाबादच्या यशराज मुखातेचं 'रसोडे में कौन था' घ्या, 2020 चं, 'साथ निभाना साथिया' सिरीयलमधला सीन उचलला आणि नुसता ठेका लावला, पण सिरीयलमधली सासू कोकिलाबेन समोर दिसतेय, ती कुठली हे कोणाला विचारावंच लागलं नाही, उलट जुनी सिरीयल लोकांना परत आठवली आणि दोन महिन्यांत तिचा दुसरा भागही आला. आवाजाला ठसा असतो, चेहऱ्याला असतो, लेखाचं फक्त खालचं नाव, आणि ते बदलायला दोन सेकंद लागतात.

माजघर
सगळ्यांना थँक्यू. खिळेजुळारी, तुम्ही म्हणालात तसं शोधलं, 2014 ची एक फेसबुक पोस्ट सापडली, तिथे नाव नाहीच, नुसतं 'संग्रहित'. शेपूटही नाही. पण तो मधला परिच्छेद आहे.

तो नीट वाचला आत्ता. माझ्या लेखात फक्त आजी होती. या कोणीतरी त्यात "टाकीऽऽ" ओरडत येणारी बाई आणलीय, ओट्यावर बसून पाट्याला टाकी घालतेय, म्हणजे छिन्नीने ठोके मारून गुळगुळीत झालेला पाटा परत खरबरीत करतेय, दगडाची पांढरी पूड तिच्या पापण्यांवर बसलीय आणि शेजारी फडक्यावर तिचं पोर झोपलंय. आमच्याकडे यायची तशीच बाई, मला कशी आठवली नाही लिहिताना कोण जाणे. खरं सांगते, लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच आहे, आणि रागवायला बसले होते ते राहूनच गेलं.

आता मलाच लिहिणारा किंवा लिहिणारी शोधायचीय. 2014 च्या आधीचं फॉरवर्ड कोणाच्या जुन्या मेलमध्ये वगैरे पडलं असेल तर प्लीज इथे टाका. मावशीला तूर्तास पुलंच राहू दे.