दिल्लीतील चिन निर्वासितांना इंग्रजी शिकवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी पारोळा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असून सध्या भुसावळला राहते. येथील एका चर्चच्या पाळकांच्या ओळखीने दिल्लीतील विकासपुरी भागात राहणाऱ्या चिन निर्वासितांच्या मंडळीला व्हिडिओ कॉलवरून विनामोबदला इंग्रजी शिकवण्याचे मी मान्य केले आहे. वर्ग दिवाळीनंतर सुरू होतील.

ही कुटुंबे म्यानमारच्या चिन प्रांतातील आहेत. काही १ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील लष्कराने सत्ता घेतल्यानंतर आली, तर काही त्याच्या बरीच वर्षे आधी. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नसल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचे कार्ड हाच त्यांचा मुख्य आधार असतो. दिल्लीच्या बाजारात खरे तर हिंदीच अधिक उपयोगी पडेल. तरी पुढे तिसऱ्या देशात पुनर्वसन व्हावे या आशेने त्यांना इंग्रजी हवी आहे, असे पाळकांनी सांगितले.

माझी पहिली अडचण माध्यमाची आहे. शाळेत मी व्याकरण मराठीतून शिकवत असे आणि तरीही पोरांच्या डोक्यात शिरले नाही, तर सरळ अहिराणीत सांगून मोकळी होत असे. येथे दोन्ही निरुपयोगी आहेत, आणि माझी हिंदी त्यांना कितपत कळेल याचीही शंकाच आहे. शिवाय हाखा, फालाम, तेदिम अशा त्यांच्या भाषा अनेक असून त्या रोमन लिपीतच लिहिल्या जातात. म्हणजे प्रौढांना अक्षरे ओळखीची असणार, पण ती ते आपापल्या भाषेच्या उच्चारांनी वाचणार. अशा माणसांना मुळाक्षरांपासून सुरुवात करायला लावणे अपमानास्पद वाटेल, आणि ती पायरी गाळली तर उच्चार कच्चे राहतील. केवळ इंग्रजीतून प्रौढांना शिकवण्याचा अनुभव असणाऱ्यांनी पहिला महिना कसा आखला होता?

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. आपल्याकडील बहुतेक पुस्तके ‘माझे कुटुंब’, ‘माझे घर’, ‘माझे गाव’ येथूनच सुरू होतात, आणि ज्यांचे घर मागे राहिले, कदाचित जळाले, कोणी आप्त हरवला, त्यांना पहिल्याच तासाला ‘तुमच्या घरी कोण कोण आहे?’ असे विचारणे मला निर्दयपणाचे वाटते. त्याऐवजी दवाखान्यातील केसपेपर, औषधाच्या वेळा, घरभाड्याची बोलणी, मुलांच्या शाळेचा फॉर्म अशा विषयांपासून आरंभ करावा असे मनात आहे. मात्र विद्यार्थी आपणहून मागचे सांगू लागला, तर शिक्षकाने ऐकत राहावे की पाठाकडे वळवावे? समुपदेशनाचे शिक्षण मी घेतलेले नाही.

तास रविवारच्या उपासनेला जोडूनच ठेवावा, असे पाळकांचे मत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यांच्या प्रार्थनेला माझी हरकत असण्याचे कारणही नाही. परंतु टिळकनगरकडील एकदोन अफगाण शीख कुटुंबांनीही चौकशी केली असल्यामुळे वर्गाची वेळ उपासनेपासून वेगळी असावी, असे मला वाटते. हे पाळकांचे मन न दुखावता कसे मांडावे?

एका घरात बहुधा एकच मोबाईल असल्याने फळ्याचे काम कशावर करावे, हेही कोणी सुचवल्यास आभारी राहीन.