मदत हवी आहे: रंगहीन पदार्थ पिवळा होताना वर्गात कसा दाखवू?

मंडळी, रावेर तालुक्यात नववीला विज्ञान शिकवतो. उन्हाळ्यात केळीच्या बागेत काम करणारी पोरं विचारतात, "सर, लघवी इतकी पिवळी का होते?" पाणी कमी पडलं की रंग गडद होतो, हे त्यांना पटलंय. हळदीचं पाणी दोन ग्लासांत, एक दाट, एक पातळ करून दाखवलं होतं.

अडलंय ते पुढे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवसांनी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे रंगद्रव्य तयार होतं. आतड्यातले जिवाणू त्याचं यूरोबिलिनोजेन करतात. हे काम करणारं विकर (एन्झाइम), बिलिरुबिन रिडक्टेज, 2024 मध्ये सापडलं. लघवीला पिवळा रंग देणारं यूरोबिलिन मात्र शंभरहून अधिक वर्षांपासून माहीत होतं! पण यूरोबिलिनोजेनला रंगच नसतो. ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण झालं की त्याचं पिवळं यूरोबिलिन होतं.

हा रंगबदल डोळ्यांसमोर दाखवायचाय. कापलेलं केळं हवेत ठेवून पाहिलं, पण मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे तर काळं पडलं, पिवळं कुठे?" बरोबर होतं तिचं. शिवाय केळ्यात विकर लागतं, त्यामुळे तुलनाही कच्चीच.

लघवीचा नमुना वर्गात आणायचा नाही, मुली संकोचतात. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट; हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, पोटॅशियम आयोडाइड नाही. तास 35 मिनिटांचा.

किराणा किंवा मेडिकल दुकानातल्या वस्तूंनी, मुलांच्या हाताला धोका न होता, ऑक्सिडीकरणाने रंगहीन द्रावण पिवळं होईल असा प्रयोग कुणी स्वतः करून पाहिलाय का? प्रमाण किती घेतलं होतं?